सेप्सिसमध्ये आतड्याचे रक्षण आणि हळदीतील कर्क्युमिन

प्रश्न (देवगड):
लावणीच्या दिवसांत माझ्या काकांना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंमुळे येणारा ताप) झाला, त्यातून सेप्सिस (संसर्गाला शरीराने दिलेल्या बेलगाम प्रतिसादामुळे अवयव बिघडू लागणे) झाला आणि ते अकरा दिवस अतिदक्षता विभागात होते. आता ते घरी आले आहेत. मूत्रपिंडे बिघडलेली असताना डॉक्टर रोज पोट तपासून नळीतून दिलेले अन्न पचते का, हे का पाहत, ते आम्हाला उमगले नव्हते. हळदीतील कर्क्युमिन सेप्सिसमध्ये आतड्याचे रक्षण करते असे नंतर वाचनात आले. हे कसे घडते, आणि आमच्या परसातल्या हळदीचा काकांना उपयोग झाला असता का?

उत्तर (रत्नागिरी):
आतड्याचे अस्तर पेशींच्या एकाच थराचे असते आणि या पेशी ऑक्लुडिनसारख्या प्रथिनांनी एकमेकींना घट्ट सांधलेल्या असतात. सेप्सिसमध्ये आतड्याचा रक्तपुरवठा घटतो, दाहामुळे सांधे सैल होतात आणि एरवी आत राहणारे जिवाणू व त्यांची विषे रक्तात उतरू लागतात. म्हणजे संसर्ग मूळचा कुठलाही असो, आतडे त्यात भर घालू शकते. कर्क्युमिन पेशीतील एनएफ-कप्पा-बी हा दाह चेतवणारा घटक दाबते, आणि उंदरांवरील प्रयोगांत त्यामुळे हे सांधे अधिक टिकल्याचे दिसले आहे. ते रक्तात फारच थोडे शोषले जाते, हा औषध म्हणून त्याचा मोठा दोष; पण तोंडावाटे घेतलेले बरेचसे कर्क्युमिन आतड्यातच राहते, म्हणून अस्तराच्या बाबतीत मला हा विषय अधिक आशादायक वाटतो.

उत्तर (सावंतवाडी):
मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. उंदरांना कर्क्युमिन बहुधा आजार घडवण्याआधी किंवा लगेच नंतर दिलेले असते, आपला रुग्ण मात्र दोन-तीन दिवस अंगावर ताप काढून येतो. शिवाय हळदीच्या पुडीत कर्क्युमिन वजनाने साधारण ३ टक्केच असते. एकदा एका आजींनी थर्मासमधून हळदीचे दूध आणून ते नळीतून घालण्याची विनवणी केली. त्यांची माया कळत होती, तरी मी नकार दिला, कारण तळाशी बसलेल्या पुडीने नळी तुंबते. वेळेवर दिलेले प्रतिजैविक आणि सलाइन यांची जागा हळद घेऊ शकत नाही. नळीतून थोडेथोडे दिलेले अन्न हीच आतड्याची मोठी काळजी असते, कारण अस्तराच्या पेशी आपले बरेचसे पोषण त्या अन्नातूनच घेतात.

प्रश्नकर्ता (देवगड):
मनापासून आभार. काका आता पेज आणि हळद घातलेली आमटी घेतात. कर्क्युमिनच्या गोळ्या सुरू कराव्यात का?

उत्तर (सावंतवाडी):
आमटीतली हळद खुशाल द्या. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, कारण अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि लेप्टोमध्ये यकृताला आधीच झळ पोहोचलेली असू शकते.