मदत हवी आहे: नववी-दहावीच्या मुलांसाठी काळीज हलवणारी कादंबरी

अमळनेरला नववी-दहावीच्या मुलामुलींचा वाचनगट चालवते. त्यांना रडवेल अशी कादंबरी हवी आहे, आणि ही मागणी मला मनापासून पटते.

‘श्यामची आई’ सगळ्यांची वाचून झालीय. साने गुरुजी इथल्याच प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ही झाली. मार्कस झुसाकच्या ‘द बुक थीफ’ची (२००५) गोष्ट सांगितली, मृत्यूच निवेदक आहे म्हटल्यावर सगळे सरसावून बसले, पण इंग्रजी झेपत नाही.

इथल्या वाचनालयात, जळगावच्या दुकानांत विचारलं. किशोरांसाठी म्हटलं की साहसकथा नाहीतर हेरकथाच पुढे येतात.

मूळ मराठी किंवा चांगला अनुवाद चालेल, पण छापील प्रत मिळायला हवी. सगळ्यांकडे मोबाइल नाही. मृत्यू, ताटातूट, तुटलेली मैत्री, विषय कुठलाही असो. आत्महत्या म्हणजे सुटका असं दाखवणारं मात्र अजिबात नको. शेवट सांगितलात तरी चालेल, मला तो आधी कळलेला बरा.

मुख्य पात्र तेरा ते सोळा वर्षांचं आहे आणि वाचताना तुमचे स्वतःचे डोळे भरून आले, अशी कोणती कादंबरी सुचवाल?