आधी कागद मागा, पैसे नंतर

तुम्ही गोव्यात भाड्याने घेतलेली गाडी परत करून पाच आठवडे झाले आणि आता गाडीवाले बंपरच्या ओरखड्याचे साडेनऊ हजार मागतायत. त्यावर ‘भरून टाका, कशाला कटकट’ हा इथे तुम्हाला दिलेला सल्ला मला अजिबात पटला नाही.

माझ्याबाबतीत हेच झालं होतं. गोव्यातच दाबोळी विमानतळावर गाडी परत दिली, गाडीवाल्यांकडे कामाला असलेल्या मुलाने ती फिरून बघितली, डिपॉझिटही परत आलं. महिन्याभराने बिल! मी फोनवर वाद घातला नाही. ईमेलवर तीन गोष्टी मागितल्या: तारीख-वेळ असलेले फोटो, गॅरेजचं जीएसटी नंबरासकट बिल आणि माझ्यानंतर गाडी कधी कधी भाड्याने गेली त्या तारखा. फोटो आला, त्यात मागच्या बंपरवर लाल चिखल वाळलेला. मी गाडी धुऊन दिली होती. परत देताना काढलेल्या माझ्या व्हिडिओत मागच्या काळ्या नंबरप्लेटवरची पिवळी अक्षरं लख्ख दिसत होती. तो व्हिडिओ पाठवल्यावर पुन्हा मागणी आली नाही.

ओरखडा खरंच तुमच्या हातून झाला असेल तर वाजवी खर्च द्या, पण करारात विम्याबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. ओरखडा तुमच्या हातून झालेला नसेल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते, गोव्याला खेपा घालाव्या लागत नाहीत. कार्डावरून परस्पर पैसे कापले तर बँकेला त्याच दिवशी लेखी कळवा.

परतीच्या वेळचे फोटो आहेत का तुमच्याकडे?