जर्मनीतून जुनी मोटरहोम ब्रिटनमधे आणायचीय, आधी विमा की आधी नंबर?

चाकावरचं_घर

नमस्कार मंडळी. दोन उन्हाळे भाड्याच्या मोटरहोमने फिरलो आणि आता स्वतःचीच घ्यायची असं आम्हा दोघांच्या डोक्यात बसलंय. इथल्या चांगल्या गाड्यांचे भाव ऐकले की घाम फुटतो, म्हणून जर्मनीतल्या जाहिराती चाळत होतो तर एक मनासारखी सापडली. २०१२ ची, फियाट डुकाटोवर बांधलेली, ३५०० किलोची, स्टिअरिंग अर्थात डावीकडे. डीलरकडे आहे, किंमत २९,७५० युरो. आतून फोटोत तरी झकास दिसतेय.

आता गोंधळ असा की विमा कंपनीला फोन केला तर ते म्हणतात गाडीचा ब्रिटिश नंबर सांगा. नंबर हवा तर एमओटी म्हणजे गाडीची इथली सक्तीची तपासणी करून आणा म्हणतात, आणि एमओटीला गाडी रस्त्यावरून न्यायची तर विमा पाहिजे. वेड गेल्याशिवाय लग्न नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तशातली गत. शिवाय ब्रेक्झिटनंतर टॅक्स किती लागतो यावर दहा जण दहा आकडे सांगतात. कोणी खरंच आणली असेल तर पहिल्यापासून काय काय केलं ते सांगाल का? जर्मन येत नाही, ट्रान्सलेटरवर दिवस काढतोय.

जुनाट_डिझेल

मी आणलीय, त्यामुळे लांबलचक लिहितो, चहा घेऊन बसा.

टॅक्सचं आधी, कारण तिथेच बऱ्याच लोकांचा उत्साह मावळतो. २०२१ पासून ईयूमधून आलेली गाडी ही सरळ आयात. ड्युटी १० टक्के, आणि मग व्हॅट २० टक्के, तोही ड्युटी धरून झालेल्या रकमेवर. म्हणजे समजा गाडी २५,००० पौंडाची पडली, तर ड्युटी २,५००, आणि २७,५०० वर व्हॅट ५,५००. झाले ८,०००. वाहतुकीचा खर्च त्या हिशोबात धरतात तो वेगळाच. कोणी म्हणेल अरे डुकाटो तर इटलीत बनते, युरोपातल्या मालाला ड्युटी माफ आहे ना. आहे, पण ती आपोआप मिळत नाही, माल तिथलाच असल्याचं निवेदन निर्यात करणाऱ्याने द्यावं लागतं आणि ६,००० युरोच्या वर किंमत असेल तर तो रेक्स नावाच्या यादीत नोंदलेला लागतो. जुन्या गाड्या विकणारे किती डीलर त्या भानगडीत पडतात ते विचारून बघा. माझ्याने तर शब्दच पहिल्यांदा ऐकला.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न जो तुम्ही त्या डीलरला आजच्या आज विचारायचा: बिलावर जर्मन व्हॅट वेगळा दाखवणार का? जाहिरातीत "एमव्हीएसटी आउसवाइसबार" असं लिहिलं असेल तर दाखवता येतो, आणि गाडी ईयूच्या बाहेर गेल्याचा पुरावा दिला की तो १९ टक्के परत मिळतो. तुमच्या २९,७५० मधले ४,७५० म्हणजे नुसता व्हॅट, गाडी खरी २५,००० चीच. पण कलम २५ए असं लिहिलं असेल तर डीलरने फक्त स्वतःच्या नफ्यावर टॅक्स भरलेला असतो, त्यातून परत काहीच मिळत नाही आणि इथे येऊन २० टक्के पुन्हा भरायचे. खाजगी माणसाकडून घेतली तरी तेच. एकाच किमतीच्या दोन गाड्यांमधे एवढा फरक पडतो, आणि लोक सोफ्याचा रंग बघत बसतात.

माझी फजिती पण सांगतो म्हणजे तुमची होणार नाही. निर्यातीचे कागद डीलरने तिकडच्या कस्टममधून करून दिले होते (३,००० युरोच्या वर असेल तर आधी तिथल्याच कस्टम ऑफिसला दाखवावं लागतं). त्यावर एक बारकोडवाला कागद मिळतो, तो ईयू सोडताना बंदरावर कस्टमला दाखवायचा. मी कॅलेला पोचलो रात्री दोनला, झोपेने डोळे मिटत होते, रांग सरकत होती, गेलो सरळ बोटीत. कागद खिशातच. झालं, त्यांच्या सिस्टिममधे गाडी युरोप सोडून गेलीच नाही! डीलरने व्हॅटचे पैसे अडकवून ठेवले आणि इथल्या आयातीचे कागद, नवीन नोंदणी, सगळं पाठवून ते सुटायला पाच महिने लागले. अर्धा तास थांबलो असतो तर.

गाडी चालवत आणायची तर तिकडून निर्यातीची नंबरप्लेट घ्या, आउसफूरकेनझाइशन, उजव्या कडेला लाल पट्टी आणि त्यात मुदतीची तारीख असते. ती विम्यासकटच मिळते आणि त्यासाठी गाडीची टीयूव्ही म्हणजे तिकडची तपासणी चालू लागते. पिवळ्या पट्टीवाली पाच दिवसांची प्लेट स्वस्त असते पण ती जर्मनीबाहेर प्रत्येक देश मानेलच असं नाही, तिच्या नादी लागू नका. आणि प्लेटसोबतचा विमा हा बहुतेक फक्त थर्ड पार्टी असतो हे ध्यानात ठेवून हळू चालवा, आरसा फुटला तर तुमचा तुम्ही.

इथे पोचल्यावर १४ दिवसांत एचएमआरसीला, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याला, गाडी आणल्याचं कळवायचं, त्याला नोव्हा म्हणतात. ते क्लिअर झाल्याशिवाय डीव्हीएलए, म्हणजे गाड्यांची नोंदणी करणारं खातं, तुमच्या अर्जाकडे बघत पण नाही. मग एमओटी, मग व्ही ५५/५ फॉर्म, तो वापरलेल्या गाड्यांसाठीचा आहे, चुकून व्ही ५५/४ भरू नका तो नव्या गाड्यांचा. सोबत ५५ पौंड नोंदणी फी, रोड टॅक्स आणि जर्मन कागद ओरिजिनल. जर्मन नोंदणीचे दोन भाग असतात, पहिला म्हणजे गाडीत ठेवायचा आणि दुसरा म्हणजे मालकीचा, ज्याला सगळे अजून ब्रीफच म्हणतात. दुसरा हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आणि पोस्टात टाकायच्या आधी एकूणएक पानाची कॉपी काढा कारण डीव्हीएलए ते ठेवून घेतं.

मधली_बर्थ

विम्याचं मी सांगते कारण वरच्या दादांनी तेच सोडलंय 😄

नंबर नसतानाही विमा मिळतो, चॅसी नंबरवर. फक्त नेहमीच्या तुलना करणाऱ्या साइटवर शोधू नका, तिथे नंबर टाकल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. मोटरहोमचा विमा करणाऱ्या ब्रोकरला फोन करायचा आणि पहिल्याच वाक्यात सांगायचं की आयात केलेली, डावीकडचं स्टिअरिंग, अजून नोंदणी व्हायचीय. काही जण तिथेच नाही म्हणतात, म्हणू द्या. हो म्हणतात ते ठराविक दिवसांची मुदत देतात की तेवढ्यात नंबर कळवा. मुदत किती ते लेखी घ्या, कारण डीव्हीएलएचं पाकीट कधी येईल याचा नेम नसतो आणि मधेच कव्हर संपलं तर पंचाईत.

आणि अलार्म आणि ट्रॅकरचं विचारा. जर्मनीत बसवलेला अलार्म कितीही भारी असला तरी इथले विमावाले थॅचम नावाच्या इथल्या संस्थेची मान्यता असलेला मागतात. आम्हाला नवीन बसवावा लागला. कारचा नो क्लेम बोनस पण मोटरहोमला सगळे धरत नाहीत.

आमच्याकडे घडलेली गंमत: ब्रोकरच्या माणसाने फोनवर चॅसी नंबर लिहून घेताना शून्याच्या जागी ओ लिहिला. आम्हाला काय कळतंय, सतरा अक्षरं ती. नंबर मिळाल्यावर बदलायला फोन केला तर त्यांच्याकडे ती गाडीच सापडेना! नंतर एमओटीवाल्या काकांनी सांगितलं की चॅसी नंबरमधे आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, एक आणि शून्याशी घोळ होतो म्हणून. तेव्हा सर्टिफिकेटवर ओ दिसला की तो चुकीचाच. इतके दिवस आम्ही नक्की कोणाच्या गाडीचा विमा घेऊन फिरत होतो देव जाणे.

एमओटीचा प्रश्न सोपा आहे. ती पण चॅसी नंबरवर बुक होते, आणि आधी वेळ घेतलेली असेल तर टॅक्स न भरलेली गाडी टेस्टला नेता येते, विमा मात्र पाहिजे. म्हणून क्रम: विमा, एमओटी, मग फॉर्म. नोव्हा तर आल्या आल्या. जर्मन प्लेटची तारीख संपल्यावर नंबर येईपर्यंत गाडी स्वतःच्या ड्राइव्हवेत किंवा स्टोरेजमधे ठेवायची, रस्त्याच्या कडेला नाही.

जुनाट_डिझेल

हो ते राहिलंच माझं, धन्यवाद ताई.

एमओटीमधे आयात गाड्या दोन ठिकाणी लटकतात. एक, हेडलाइट. तिकडचे दिवे उजवीकडे झोत टाकतात, इथे समोरच्याच्या डोळ्यात जातो. स्टिकर लावून टेस्ट पास होते पण कायम वापरायची गाडी आहे, इथले हेडलाइट घाला, डुकाटोचे सहज मिळतात. दुसरं, मागचा फॉग लॅम्प. तो मधे किंवा उजवीकडे लागतो आणि युरोपातल्या बऱ्याच गाड्यांना एकच, तोही डावीकडे. काही गाड्यांत उजव्या दिव्यात जागा तयारच असते, नुसता बल्ब आणि वायर. माझ्यात नव्हती, ४० पौंडाचा वेगळा दिवा बंपरखाली लावला. स्पीडोमीटरवर मैलाचे आकडे नसतील तर त्याचं पण बघावं लागेल.

तुमची गाडी दहा वर्षांच्या वरची आहे आणि त्यात मोठे फेरफार नसतील तर आयव्हीए म्हणजे गाडी तपासून देतात ती वेगळी मंजुरी लागत नाही, हा मोठा फायदा. नवीन घेतली असती तर सीओसी, म्हणजे गाडी नियमांत बसते असं बनवणाऱ्या कंपनीचं प्रमाणपत्र, शोधत बसला असता, आणि मोटरहोमला ती दोन दोन असतात, एक फियाटची आणि एक वर घर बांधणाऱ्या कंपनीची.

पावसाळी_ढग

उत्साहावर पाणी ओततोय पण तीन गोष्टी बघा.

लंडनच्या आसपास राहता का? २०१२ ची डिझेल म्हणजे धुराच्या मानकात बहुतेक युरो ५, यूलेझला, म्हणजे लंडनच्या कमी धुराच्या क्षेत्राला, डिझेल युरो ६ लागतं. नसेल तर रोजचे १२.५० पौंड, आणि ऑगस्ट २०२३ पासून ते लंडनच्या सगळ्या बरोंमधे म्हणजे विभागांमधे आहे. घराच्या गल्लीतून बाहेर काढली की मीटर चालू.

लायसन्स. आपल्यातले बरेच जण भारतातलं लायसन्स घेऊन आलो आणि इथे परत टेस्ट दिली, म्हणजे फक्त बी कॅटेगरी, ३५०० किलोपर्यंत. १ जानेवारी १९९७ च्या आधी पास झालेल्यांना ७५०० पर्यंत चालते, ते आपण नव्हे. आता ३५०० च्या गाडीत शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, त्यात गॅस, सायकली, छत्री, चार माणसं, आणि आपल्या लोकांचं सामान! वजनकाट्यावर घालून बघा, रिकामी किती भरते ते डीलरला पावतीसकट विचारा.

तिसरं, ओल. गाडीचं इंजिन नंतर बदलता येतं, भिंतीत पाणी मुरलं की घर कुजतं. कोपऱ्यांचं आणि खिडक्यांखालचं मीटरने मोजमाप करून घ्या. फोटोत ओल दिसत नाही.

चाकावरचं_घर

बापरे, एवढं कोणीच सांगितलं नव्हतं. लंडनपासून लांब राहतो, तेवढं एक बरं. डीलरला मेल केला, उत्तर आलं: २५ए. म्हणजे ४,७५० गेले. आता पुन्हा हिशोब मांडला तर इथल्या गाडीपेक्षा जेमतेम दीड हजाराचा फरक उरतो आणि त्यात माझं जाणं येणं, हेडलाइट, अलार्म धरलेलं नाही. बायको म्हणतेय दुसरी बघू, व्हॅट दाखवणारी. माझा चुलतभाऊ म्युनिकहून पुढच्या वर्षी इकडे शिफ्ट होतोय, त्याच्या नावावर घेतली तर?

मधली_बर्थ

तो रहायला येतोय तर त्याला सूट आहे, पण त्याच्यासाठी, तुमच्यासाठी नाही हो. गाडी किमान सहा महिने त्याची आणि त्याच्या वापरात असली पाहिजे, तो सलग बारा महिने ब्रिटनबाहेर राहिलेला पाहिजे, येण्याआधी टीओआर १ चा, म्हणजे रहायला येणाऱ्यांच्या या सवलतीचा, अर्ज, आणि आणल्यावर बारा महिने ती विकायची नाही, उसनी द्यायची नाही, भाड्याने द्यायची नाही. तुम्ही त्यात शिमग्याला निघालात आणि पकडले गेलात तर भावाला टॅक्स भरावा लागेल. त्याला स्वतःला हवी असेल तर मस्त.

चाकावरचं_घर

नको मग, भावाला कशाला अडकवा. व्हॅटवालीच शोधतो. शेवटचा एक बाळबोध प्रश्न, दार उजवीकडे असतं त्याचा त्रास होतो का? मुलं लहान आहेत.

जुनाट_डिझेल

कॅम्पसाइटवर काही नाही, तिथे हवी तशी लावता. रस्त्यावर थांबलात की दार सरळ ट्रॅफिकमधे उघडतं. आमची धाकटी एकदा धावत उतरायला निघाली तेव्हापासून मी दाराला वर एक जादा कडी बसवलीय, तिचा हात पोचणार नाही अशी. आणि दार फुटपाथकडे यावं म्हणून गाडी उलट्या तोंडाने लावायची आयडिया डोक्यात येईल, मला आली होती, पण रात्री रस्त्यावर तसं उभं करता येत नाही इथे. जेवायला थांबायचं तर मोटरवेवरच्या सर्व्हिसेस किंवा कारपार्क बघा.