मतदारसंघ म्हणाला 'नाही', खासदारबाईंनी दिलं 'हो'. बरोबर की चूक?

पश्चिम_सिडनी

२०१७ च्या सप्टेंबरात आमच्या टपालपेटीत ऑस्ट्रेलियाच्या सांख्यिकी खात्याचा लिफाफा आला. आत एक कागद आणि त्यावर एकच प्रश्न: समलिंगी जोडप्यांना लग्न करता यावं म्हणून कायदा बदलावा का? खाली दोन चौकोन आणि परत पाठवायला बिनतिकिटाचं पाकीट. आम्ही चौघांनी जेवणाच्या टेबलावर बसून खुणा केल्या. माझा भाचा तेव्हा आमच्याकडे राहून शिकत होता, विद्यार्थी व्हिसावर. ज्या कागदात त्याच्याबद्दल विचारलं होतं, तो भरायचा हक्क त्याला नव्हता. तो समोर बसून भात कालवत राहिला. त्याचं गुपित त्या घरात फक्त मला माहीत होतं.

१५ नोव्हेंबरला निकाल लागला. देशात ६१.६ टक्के 'हो'. आमच्या पॅरामॅटा मतदारसंघात ६१.६ टक्के 'नाही'. आकडा तोच, उलटा. १५० पैकी १७ मतदारसंघ 'नाही' म्हणाले, त्यांतले बहुतेक आमच्या पश्चिम सिडनीतले. तरीही ७ डिसेंबरला आमच्या तेव्हाच्या खासदार, मजूर पक्षाच्या ज्युली ओवेन्स यांनी कायद्याच्या बाजूनं मत दिलं. ब्लॅक्सलँड मतदारसंघात तर जवळजवळ ७४ टक्के विरोधात होते. तिथल्या जेसन क्लेअर यांनीही 'हो'च म्हटलं.

माझं मत स्पष्ट आहे: त्यांनी योग्य केलं. खासदार म्हणजे पोस्टमन नव्हे, की गल्लीनं दिलेली चिठ्ठी उचलली आणि सभागृहात नेऊन टाकली. दुसऱ्याच्या लग्नाचा प्रश्न तर मुळात गल्लीला विचारायचाच नव्हता.

कोल्हापूरचा_वकील

ताई, तुमच्या भाच्याबद्दल वाईट वाटलं, पण मुद्द्याशी सहमत नाही. खासदार मतदारसंघाचा असतो. क्वीन्सलंडच्या मारानोआमध्ये बहुमत 'नाही'चं होतं आणि तिथल्या डेव्हिड लिटलप्राऊड यांनी विरोधात मत दिलं. सगळा देश एका बाजूला, सभागृहात विरोधात जेमतेम चार जण, आणि त्यांतला हा एक. त्याला मागासलेला म्हणायचं आणि मतदारांच्या विरुद्ध जाणाऱ्याला धाडसी, हा न्याय मला पटत नाही.

आणि याची किंमत मोजावी लागली नाही असंही नाही. २०१९ ची निवडणूक मजूर पक्ष हरला, तेव्हा पश्चिम सिडनीतलेच त्यांचे खासदार ख्रिस बोवेन यांनी सांगितलं की धार्मिक मतदारांना आपण परके वाटू लागलो आहोत. ओवेन्सबाई निवडून आल्या, पण त्यांचं मताधिक्य घटलं.

ओवी२०११

मताधिक्य एका कारणानं घटत नाही हो. २०१९ च्या प्रचारात करांवरून रान पेटलं होतं.

पण तुम्ही दोघंही एक गोष्ट सोडताय. सप्टेंबर २०१२ मध्ये याच सभागृहानं असंच विधेयक ९८ विरुद्ध ४२ असं पाडलं होतं. जनमत चाचण्यांत बहुमत तेव्हाही बदलाच्या बाजूनं होतं! पाच वर्षांत विरोधक अठ्ठ्याण्णवांवरून चारांवर आले ते काय रातोरात सगळ्यांचं मन पालटलं म्हणून? तेव्हा विरोधी पक्षनेते टोनी ॲबट यांच्या आघाडीनं आपल्या खासदारांना स्वतःच्या मनाप्रमाणे मत द्यायची मोकळीक दिली नव्हती. २०१५ मध्ये पुन्हा मागितली, पुन्हा नाकारली. दुसरीकडे मजूर पक्षाच्या पेनी वाँग, ज्या स्वतः समलिंगी आहेत, मंत्री असताना पक्षाची विरोधी भूमिका जाहीरपणे मांडत होत्या. लोकांचं मत दारापर्यंत येतं, कडी मात्र पक्षाच्या हातात असते. ती निघाली तेव्हा ॲबट स्वतः अंतिम मताच्या वेळी सभागृहाबाहेर होते. त्यांच्या वॉरिंगा मतदारसंघात ७५ टक्के 'हो' होतं.

लातूरकर

आपल्याकडे तर कडीपर्यंतही कुणी पोचलं नाही. डिसेंबर २०१५ मध्ये शशी थरूर यांनी लोकसभेत, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमात बदल सुचवणारं खासगी विधेयक आणलं. नुसतं मांडू द्यायचं की नाही यावर मतदान झालं: २४ बाजूनं, ७१ विरोधात. मार्चमध्ये पुन्हा प्रयत्न, १४ विरुद्ध ५८. निवडून आलेले ५४३. बाकीचे कुठे होते? शेवटी २०१८ ला न्यायालयानं ते काम केलं. लग्नाचा प्रश्न आला तेव्हा २०२३ मध्ये न्यायालयानं तो संसदेकडे परत टोलवला. सुप्रिया सुळे यांनी २०२२ मध्येच त्यासाठी खासगी विधेयक मांडलं होतं. बारामतीत यावर कुणी मतदान घेतलं नव्हतं, आणि २०२४ ला त्या पुन्हा निवडून आल्या.

कोल्हापूरचा_वकील

लातूरकर, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. ते ७१ जण कशाला भ्यायले? कुणी कधी मोजलंच नाही अशा जनमताला. ऑस्ट्रेलियात मोजलं, ७९.५ टक्के लोकांनी कागद परत पाठवले, आणि तीन आठवड्यांत कायदा झाला. ताई म्हणतात गल्लीला विचारायचंच नव्हतं. अहो, विचारलं म्हणूनच तर भीती गेली! कुंपणावर बसलेल्या खासदाराला आकडा हातात मिळाला की मत देणं सोपं जातं. आणि असा कायदा टिकतोही, उद्या कुणी म्हणू शकत नाही की चार शहाण्यांनी वरून लादला.

पश्चिम_सिडनी

वकीलसाहेब, टिकण्याचा मुद्दा मी मान्य करते. आज इथं तो कायदा उलटवायची भाषा कुणी मोठा पक्ष करत नाही, हे खरं आहे. ओवीताईंचंही पटलं, मोकळीक २०१२ मध्येच दिली असती तर हा कागद आमच्या दारात आला नसता.

पण भीती खासदारांची गेली, आणि ती दोन महिने आमच्या घरी मुक्कामाला होती. टपालपेटीत पत्रकं येत: अशांच्या घरात मुलांचं काय होणार, शाळेत काय शिकवणार. आधी कॉलेजातून येताना टपाल भाचाच घेऊन यायचा. सप्टेंबरच्या शेवटी त्यानं पेटीला हात लावणं बंद केलं. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. हा खर्च त्या ७९.५ टक्क्यांत कुठेच दिसत नाही.

निकालाच्या दिवशी देशाचा आकडा ऐकून आम्ही दोघं स्वयंपाकघरात रडलो. संध्याकाळी त्यानं पॅरामॅटाचा आकडा शोधून काढला. दुसऱ्या दिवशी स्टेशनपर्यंत मी सोबत गेले. दोन्ही बाजूंची घरं बघत तो मनाशी काहीतरी मोजत चालला होता. कोपऱ्यावर थांबून म्हणाला, "मावशी, म्हणजे दहातली सहा." रोज हात करणारे समोरचे आजोबा तेव्हा झाडांना पाणी घालत होते. त्यांनी हात केला. यानंही केला, पण जरा उशिरा.