विहिरीत चमकणारे खडे निघाले, हिरा आहे का? आणि यावलकडे खडकच का लागत नाही?

साक्रीचा_पाव्हणा
राम राम मंडळी. शेतात विहिरीचं काम चालू आहे, साक्री तालुका. वर हातभर काळी माती, मग मुरूम, मग जो काळा पाषाण लागला तो संपायचं नाव घेईना, सुरुंगाशिवाय हलतच नाही. आता चार परसांवर (परस म्हणजे पुरुषभर खोली) एकदम भोकंभोकं असलेला राखाडी दगड लागला आणि त्या भोकांत पांढरे, काही फिकट गुलाबी चमकणारे खडे. यारीवाला म्हणतो हिरा निघाला भो, पार्टी दे. दुसरं म्हणजे मामाचं गाव यावलकडे, तिथं बोअर तीनशे फूट गेला तरी माती, वाळू, गोटेच निघतात, खडक नाहीच. शाळेत तर सगळं पठार बेसॉल्टचं म्हणून पाठ केलेलं. मग हे कसं काय?

गारगोटी_जळगाव
हिरा नाही भो, पार्टी कॅन्सल कर 😄 हे झिओलाइट असणार, म्हणजे दगडाच्या भोकांत तयार होणारी खनिजं. आपला सगळा काळा पाषाण (तोच बेसॉल्ट) म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून वर आलेला लाव्हा, एकावर एक थर साचत गेले, आणि प्रत्येक थर थिजताना त्यातला वायू वर सरकला पण बाहेर पडायच्या आत वरची बाजू घट्ट झाली म्हणून भोकं तशीच राहिली. पुढे त्यातून गरम पाणी फिरलं, त्यात दगडातलाच सिलिका, कॅल्शियम, सोडियम विरघळलेला, तो भोकांत बसत बसत खडे तयार झाले. गुलाबी आणि मधोमध आवळलेल्या पेंढीसारखा दिसला तर स्टिलबाइट. काचेसारखा स्वच्छ, टोकदार असेल तर ॲपोफिलाइट, तो झिओलाइटमध्ये मोडत नाही पण असतो त्यांच्याच सोबतीला.
घरी बघायचं तर: लिंबू पिळून फेस आला तर कॅल्साइट. काचेवर सहज ओरखडा उठला तर गारगोटी. चाकूनेच त्याच्यावर ओरखडा उठला तर झिओलाइट धर. जळगावकडच्या खाणीतले असे नमुने जगभरच्या म्युझियममध्ये आहेत, टोकं न तुटलेला गुच्छ शौकीन लोक पैसे देऊन घेतात, त्यामुळे हातोडा मारत बसू नको.

रावेरचा_केळीवाला
मामाकडे खडक आहे भाऊ, फक्त लई खाली आहे. सातपुड्याच्या पायथ्याला जमिनीत मोठा तडा आहे (भ्रंश म्हणतात), एका बाजूला डोंगर उचलला गेला आणि आमचा रावेर-यावल-चोपड्याचा पट्टा खाली बसला. मग त्या खड्ड्यात तापीने आणि सातपुड्यातनं येणाऱ्या नद्यांनी लाखो वर्षं गाळ आणून टाकला. त्या गाळातल्या पाण्यावर आमची केळी उभी आहे, आणि पायथ्याच्या गोट्या-वाळूच्या पट्ट्यात पाऊस मुरतो म्हणून ते पाणी भरतं. पण आम्ही मोटारी खाली खाली सोडत गेलो ना, मुरण्यापेक्षा उपसा जास्त, मग बोअर खोल जाणार नाही तर काय.

साक्रीचा_पाव्हणा
भारी माहिती. मग तडा आहे तर अडावदजवळ उनपदेवला गरम पाणी येतं ते ज्वालामुखीचं का? आणि मुख्य म्हणजे मला पाणी लागेल का हो 😅

भूगोलवाली_ताई_धुळे
ज्वालामुखी कधीच थंड झाला दादा. पावसाचं पाणी तड्यातून खोल जातं, जमिनीत खाली गेलं की उष्णता वाढतेच, तापून वर येतं, बस.
आता तुझ्या विहिरीचं. वरचा अखंड पाषाण एका लाव्हाचा होता, भोकांचा दगड म्हणजे त्याच्या खालच्या, जुन्या लाव्हाचं डोकं. कुजलेला, भेगाळलेला असेल तर पाणी तिथंच चांगलं मिळतं. पण गंमत बघ, भोकं खड्यांनी बुजलेली असली तर पाण्याला जागाच उरत नाही, म्हणजे जेवढे खडे सुंदर तेवढी विहीर कंजूस. मग भेगांवर भरवसा. मधे तांबडा मऊ थर लागला तर कडा ढासळतात, बांधकाम करून घे.
अजून एक, धुळे-नंदुरबारकडे डाईक खूप आहेत, भेगेत थिजलेल्या लाव्हाच्या लांबच लांब उभ्या रांगा, बहुतेक पूर्व-पश्चिम. त्या जमिनीखाली पाणी अडवतात, म्हणून एका अंगाला विहीर भरलेली आणि दुसऱ्या अंगाला कोरडी असं होतं. शेजारी विचार, अंदाज येईल.
आणि ती हातभर काळी मातीपण या पाषाणाचीच. पावसात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, मुळं जमिनीत आणखी सोडतात, पाणी किंचित आंबट होतं आणि दगड खातं. त्यातनं फुगणारी, ओल धरून ठेवणारी चिकणमाती उरते, उन्हाळ्यात तिलाच भेगा पडतात. सुटलेल्या कॅल्शियमची काही चुनखडी शेतातच होते, बाकी तापीतून सुरतेकडे समुद्रात, तिथं शंख-शिंपले त्याचं कवच करतात. चुनखडीत आणि कवचात तो कार्बनपण असतो, म्हणजे हवेतला कार्बन दगडाला चिकटून गेला की नाही! पोरांना मी नुसतं खडकांचे प्रकार पाठ करून घेत नाही, एवढी साखळी सांगितली की त्यांना कापूस काळ्या जमिनीत का येतो तेपण कळतं.

गारगोटी_जळगाव
ताईंनी सांगितलं ते बरोबर. फोटो टाक रे पाव्हण्या, आणि पुढचा सुरुंग लावायच्या आधी टाक.

साक्रीचा_पाव्हणा
टाकतो संध्याकाळी, रेंज फक्त गच्चीवर येते. शेजारच्या काकांच्या विहिरीला बारमाही पाणी आहे आणि आमच्यामधे एक उंच दगडी रांग आडवी गेलीय, तीच डाईक असेल तर काय बोलायचं...