फ्लॅटमधली दोन पिल्लं: जात कुठली आणि घरात ठेवता येतील का?

चौथा_मजला (ठाणे):
लेकीच्या हट्टापायी बाजारातून दोन पिल्लं आणली, एक गुलाबी रंगवलेलं आणि एक बिनरंगाचं काळं. विकणारा म्हणाला दोन्ही गावरान आहेत ताई, बिनधास्त न्या. आता दीड महिना होत आला. गुलाबी रंग उडाला आणि खालून पांढरं निघालं, खांद्यावर जरा तांबूस पिसं आहेत, तुरा चांगलाच लाल झालाय. काळ्याची मान सोनेरी, पाय काळपट, तुरा नावालाच. दोघं बाल्कनीच्या दाराशी मोठ्या खोक्यात असतात, संध्याकाळी हॉलभर हिंडतात आणि टीव्ही लावला की मांडीवर येऊन झोपतात. गूगल लेन्स दर वेळी वेगळी जात सांगतंय. नक्की कुठली जात? आणि कायमचं घरात पाळता येईल का? सासूबाई म्हणतात गावी धाडून द्या, पण गावी धाडणं म्हणजे काय ते लेकीला कळतं आता.

खुराडेवाला:
रंगवलेली पिल्लं गावरान नसतात हो. अंड्यांच्या जातीत नर हॅचरीला नको असतात, तेच रंगवून बाजारात येतात. तुमचं पांढरं-तांबूस बहुतेक ब्राऊन लेअरचा (तपकिरी अंडी देणाऱ्या जातीचा) नर आहे, त्यात जन्मतःच नर फिकट पिवळे आणि माद्या तपकिरी असतात. ब्रॉयलर नक्की नाही, तो दीड महिन्यात दोन किलोचा होऊन बसून राहिला असता. काळ्याचे पाय काळे म्हणून लगेच कडकनाथ समजू नका, चोच उघडून जीभ बघा, तीही काळपट असेल तरच. नाहीतर मिक्स. पण खरं सांगू का, जात विचारून काही होत नाही, नर की मादी ते बघा. या वयात एवढा लाल तुरा म्हणजे कोंबडाच.

सेक्रेटरी_साहेब:
मग लवकरच आरवायला लागेल. अडीच-तीन महिन्यांत सुरू होतं, काही त्याआधीच. पहाटे चार म्हणजे चार, रविवार बिविवार काही नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही आणि ओरडायचंही राहत नाही. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, कोंबडा त्याच्या कितीतरी वर जातो. तक्रार आली तर मी तरी काय करणार.

तलंगवाली (पुणे):
माझ्याकडे दोन तलंगा (तरुण माद्या) आहेत फ्लॅटमध्ये, त्यामुळे अनुभवाने सांगते. माद्या जमतात, पण काम आहे. शी कुठेही करतात, मांजरासारखं ट्रेमध्ये शिकवता येत नाही. खाली नुसता पेपर टाकू नका, घसरून पाय फाकतात, लाकडाचा भुसा किंवा भाताचं तूस टाका, रोज वरचं काढा. ऊन हवंच, आणि काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, डी जीवनसत्त्व मिळत नाही, बाल्कनीत जाळी लावून सोडा. एका टबात कोरडी माती आणि राख ठेवा, त्यात लोळतात, उवा कमी होतात. (धूळ मात्र सगळ्या घरात, सोफ्यावर, मिक्सरवर, कुणाला दमा असेल तर विचारच करू नका.) खायला नुसता भात-पोळी नको, वाढीचं कोंबडीखाद्य आणा, अंडी सुरू झाली की लेअर फीड (अंड्यांवरच्या कोंबड्यांचं खाद्य) आणि शिंपल्याचा चुरा. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस दिलीय का ते व्हेटला विचारून घ्या. आणि हात लावला की साबणाने धुवायचे, लेकीला पापे घेऊ देऊ नका, साल्मोनेला जंतूंमुळे पोट बिघडतं.

चौथा_मजला:
चोच उघडून बघितली, जीभ गुलाबीच! म्हणजे कडकनाथ नाही. पांढरा आज सकाळी मान वर करून गंजलेल्या दारासारखा आवाज काढत होता, मिस्टर हसत बसले, मला घाम फुटला. कोंबडा कुणाकडे दिला तर काळी एकटी राहील का?

तलंगवाली (पुणे):
एकटी ठेवू नका, दिवसभर ओरडून जीव काढेल. लस झालेली त्याच वयाची तलंग एखाद्या फार्मवरून आणा, पंधरा-वीस दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, मग जाळीच्या आडून ओळख करून द्या. पहिले काही दिवस टोचाटोची होणार, रक्त आलं तरच मध्ये पडा. आणि काळी मादीच आहे ना हे आधी बघा, मानेवरची पिसं टोकदार, लांब व्हायला लागली तर तोही कोंबडाच.

खुराडेवाला:
पांढरा कुणालाही फुकट देऊ नका, फुकटचा कोंबडा सरळ पातेल्यात जातो. ज्यांच्याकडे आधीपासून माद्या आहेत आणि जागा आहे अशांनाच विचारा. शहापूर-मुरबाडकडे कुणी ओळखीचं आहे का?

चौथा_मजला:
नणंदेचं घर आहे मुरबाडजवळ, पाच-सहा कोंबड्या आहेत, कोंबडा नाही. आज फोन करते.