रातथाऱ्याच्या झाडाजवळ नकली टर्की ठेवावा का?

डिचोलीकर यांचा प्रश्न

नमस्कार. माझा मावसभाऊ अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात राहतो आणि दर वसंतात रीतसर परवाना काढून रानटी टर्कीच्या शिकारीला जातो. येत्या मे महिन्यात मी त्याच्याकडे जाणार आहे. बंदूक मी हातात धरणार नाही, फक्त त्याच्याबरोबर बसणार आहे, पण त्याच्या एका बेतावरून फोनवरच आमचा वाद झाला. त्याचे म्हणणे असे की, संध्याकाळी टर्की रातथाऱ्याला, म्हणजे रात्री बसायला, कोणत्या झाडावर चढतात ते पाहून ठेवायचे आणि पहाटे काळोखातच त्या झाडापासून वीसेक पावलांवर नकली मादी रोवायची, म्हणजे नर उतरला की थेट तिच्यासमोरच उतरेल.

मला हे पटत नाही. आमच्या काजूच्या बागेच्या कडेला एका उंच माट्टीच्या (ऐनाच्या) झाडावर मोर रात्री वस्तीला असतात. बोंडे वेचायला उजाडण्यापूर्वी गेलो आणि वाळलेल्या पानांवर पाय जरा जोरात पडला, तरी वरून एक तुटक, घोगरा आवाज येतो आणि त्या दिवशी मोर नेहमीच्या मोकळ्या जागी न उतरता पलीकडच्या घळीत उतरतात. टर्की मोराच्याच कुळातला असल्यामुळे तोही असेच करील, असा माझा अंदाज आहे. जाणकारांनी कृपया सांगावे.

न्यू जर्सीतला गोंयकार

डिचोलीकरबाब, तुमचा अंदाज बरोबर आहे, पण कारण केवळ पायांच्या आवाजाचे नाही. मी बरीच वर्षे पेनसिल्व्हेनियात टर्कीमागे फिरतो आणि सुरुवातीला तुमच्या भावासारखेच केले होते. एका पांढऱ्या पाइनवर नर बसलेला मी आदल्या संध्याकाळी पाहिला होता. दुसऱ्या दिवशी तारे दिसत असतानाच जाऊन मी झाडापासून पंचवीस पावलांवर नकली मादी ठेवली आणि एका ओकला पाठ टेकून बसलो. उजाडताच नर ओरडू लागला. फांदीवरच पिसारा फुलवून, पंखांची टोके खाली सोडून तो खालच्या मादीकडे मान वाकडी करून पाहत होता. अर्धा तास हा प्रकार चालला. मग दोन खऱ्या माद्या उतरल्या, त्यांतली एक नकलीभोवती अर्धे वर्तुळ घालून थबकली, 'पट्' असा एकच कडक, धोक्याच्या इशाऱ्याचा आवाज तिने काढला आणि दोघी चालत्या झाल्या. नर त्यांच्या दिशेने उतरला. माझी बंदूक मांडीवरच राहिली.

यात चूक कुठे झाली, ते मला नंतर एका जुन्या शिकाऱ्याने समजावले. वसंतात नर झाडावरून ओरडतो तो मादीला आपल्याकडे बोलावण्यासाठी, आणि एरवी मादीच उतरून त्याच्याकडे चालत जाते. तिच्यामागे धावणे हा त्याचा सकाळचा पहिला क्रम नव्हे. त्यामुळे खाली मादी उभी दिसली की ती झाडाखाली येण्याची तो वर बसून वाट पाहतो, आणि प्लॅस्टिकची मादी तर जागची हलत नाही. शिवाय टर्कीला अंधारात फारसे दिसत नाही, म्हणून ते रात्रभर झाडावरच असतात. मग पुरते उजाडण्याआधीच एक मादी जमिनीवर कशी आली, हेही खऱ्या पक्ष्यांना खटकत असावे, असे मला वाटते. उजेडात त्यांची नजर अतिशय तीक्ष्ण असते, रंग उत्तम कळतात, आणि वरून पाहताना नकली पक्ष्याची चमकणारी पाठ लपत नाही.

डिचोलीकर

सविस्तर उत्तराबद्दल आभार. मग झाडापासून किती अंतरावर बसावे? आणि नकली पक्षी ठेवूच नये, असे आपल्याला सुचवायचे आहे का?

न्यू जर्सीतला गोंयकार

ठेवावा, पण उतरल्यानंतर नर चालत येईल अशा वाटेवर. झाडापासून साधारण शंभर ते दीडशे मीटरवर बसावे. हंगाम तिथे एप्रिलअखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला उघडतो आणि त्या वेळी पालवी विरळ असते, म्हणून तेव्हा अंतर जास्त ठेवावे, पुढे पाने भरली की थोडे जवळ गेले तरी चालते. जागा निवडताना झाडाच्या आणि आपल्या मध्ये एखादा लहानसा उंचवटा किंवा वळण असावे, जेणेकरून फांदीवरून नकली पक्षी दिसणार नाही आणि नर जमिनीवरून चढावर आला की एकदम समोर येईल. तुम्ही बसाल त्या जागेपासून नकली पक्षी पंधरा-वीस पावलांवर ठेवावा, कारण छर्ऱ्याच्या बंदुकीचा भरवशाचा पल्ला पस्तीस-चाळीस पावलांच्या पुढे फारसा नसतो.

नकली मादीबरोबर वर्षभराचा तरुण नकली नर ठेवणार असाल, तर त्याचे तोंड तुमच्याकडे करावे. मोठा नर प्रतिस्पर्ध्याच्या समोर येऊन त्याला भिडतो, म्हणजे तुमच्याकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक उचलताना तुमचे हात त्याला दिसत नाहीत. वाऱ्यावर गरगर फिरणारा नकली पक्षी मात्र ठेवू नका, त्याला दोन्ही बाजूंनी काटकी खोचून अडवावे.

नियम भावाला ठाऊक असतीलच, तरी लिहितो. वसंतात तिथे फक्त छातीवर केसांसारखी दाढी असलेला पक्षी मारता येतो, वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून असते आणि हंगामाच्या पहिल्या टप्प्यात दुपारी 12 वाजता थांबावे लागते. साद घालून बोलावणे हीच मान्य पद्धत आहे, दबा धरत पक्ष्यामागे सरकण्यास मनाई आहे, आणि जिवंत पक्षी आमिष म्हणून बांधणे किंवा विजेवर चालणारा आवाज लावणे चालत नाही. झाडावर बसलेल्या टर्कीवर बार काढायला अनेक राज्यांत बंदी आहे आणि जिथे नाही तिथेही चांगले शिकारी ते हलके काम समजतात.

आता तुमच्यापुरती सर्वांत महत्त्वाची गोष्ट. नराचे डोके लाल, पांढरे आणि निळे असते, तेव्हा त्या तीन रंगांचे काहीही, अगदी खिशातला रुमालसुद्धा, अंगावर दिसू देऊ नका. नकली पक्षी नेताना तो पिशवीत झाकून न्यावा. तुमच्या खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ टेकून बसा, आणि दुसरा शिकारी येताना दिसला तर हात हलवू नका, मोठ्या आवाजात बोला.

सत्तरी तालुक्यातला पक्षीनिरीक्षक

मी शिकारीच्या बाजूचा नाही, परंतु रातथाऱ्याविषयी दोन शब्द लिहितो. पहाटेच्या अंधारात झाडाजवळ गेल्याने मोर किंवा टर्की उडाला, तर त्याला पुन्हा नीट बसायला फांदी दिसत नाही. तो कुठेतरी आदळत जमिनीवर येतो आणि रानमांजर किंवा कोल्ह्याच्या तोंडी जाऊ शकतो. तेव्हा वरचे शंभर-दीडशे मीटरचे अंतर मला पक्ष्याच्या दृष्टीनेही योग्य वाटते.

दुसरे असे की हे वाचून कोणी आपल्याकडच्या माट्टीखाली प्रयोग करू नये. मोर 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्या कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणे, फासे लावणे आणि आमिष दाखवणेही येते. वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या, शेतीत मोरांनी दाणे टिपल्याची तक्रार खरी असली, तरी ती वनखात्याकडेच न्यावी. बोंडला अभयारण्यात दिवसा झोपलेल्या बेडूकतोंड्या या निशाचर पक्ष्याच्या फांदीखाली मोबाइलवर त्याचाच आवाज लावणारे छायाचित्रकारही मी पाहिले आहेत. हातात बंदूक नसते, इतकाच काय तो फरक.

डिचोलीकर

ही चर्चा मावसभावाला वाचून दाखवली. वीस पावलांचा हट्ट त्याने सोडला आहे, पण त्याची एक शंका उरली आहे. त्याचे ठरलेले झाड ओढ्याच्या काठावर आहे आणि बसायला सोयीची मोकळी जागा ओढ्याच्या पलीकडे आहे. तिथे बसले तर चालेल का?

न्यू जर्सीतला गोंयकार

नाही. एकदा जमिनीवर उतरलेला नर गुडघाभर पाण्याचा ओढासुद्धा सहसा ओलांडत नाही, काठावर उभा राहून तासभर ओरडेल आणि निघून जाईल. आदल्या संध्याकाळी दुरून दुर्बिणीने पाहून पक्षी कोणत्या काठावरून झाडावर चढतात ते ठरवा. बहुधा सकाळी त्याच बाजूला उतरतील, तेव्हा जागा गैरसोयीची असली तरी त्याच काठावर बसा.